वाऱ्याचं मशीन

ते मशीन मी चालू केलं. हे तुम्हाला आधीच सांगून टाकते, म्हणजे बाकीचं ऐकायला तुम्ही निवांत बसाल. तुम्हाला गोष्टीचा शेवट आधी लागायचा. शेजारचं कोणी दवाखान्यातून आलं की तुमचा पहिला प्रश्न, "बरं हाये ना आता?" मग सगळी हकिकत. तर चालू केलं. हात शाबूत आहेत, दुकान शाबूत आहे. भीती मात्र गेलेली नाही. ती गेली असं मी लिहिलं तर तुम्हीच म्हणाल की हे लिहिणारी काही आपली शोभा नाही.

कामरगावात तुम्हाला सगळे रंगवाले गजूभाऊ म्हणून ओळखत. लाकडावरचा रंग बोटांनी बघायचा, डोळ्यांनी नाही, असं तुम्ही म्हणायचे. मी इतकी वर्षं तुमच्यासोबत पॉलिश पेपर घासला, लप्पीचा लगदा भरून भेगा बुजवल्या. पण रंग मारायचा तो तुम्हीच. ब्रश तुमचा, डबा तुमचा, आणि नाकावर बांधलेला तो गमछा तुमचा. आपली वाटणी अशी होती आणि मला ती पुरत होती.

मग ते मशीन आलं. कारंज्याहून काळीपिवळी जीपमध्ये तुम्ही ते खोकं मांडीवर घेऊन आले होते, जसं कोणाचं तान्हं लेकरू सांभाळायला घेतलंय. खाटेवर ठेवून उघडलं. आतून डब्यासारखं एक यंत्र निघालं, सोबत जाड लवचिक नळी, रंगाचा कप लावलेली बंदूक आणि दोन्ही गालांशी गोल डब्या असलेला मास्क. आत्याबाईंनी लांबूनच पाहिलं आणि विचारलं, हे चक्कीचं हाये का काय. तुम्ही त्यांना, आपल्या आईला, समजावत बसले. कारंज्याच्या फर्निचरवाल्याकडे असते तशी हवा भरून ठेवायची टाकी याला नाही, म्हणून टाकी फुटायची भीती नाही. आतला पंखा फिरतो, वारा ढकलतो, आणि तो वारा रंगाचं धुकं करून लाकडावर ठेवतो. "याच्यात जोर नाही माय, फकस्त वारा हाये. लय सारा वारा." आत्याबाई म्हणाल्या, वाऱ्यानंच तं आग पसरते. तुम्ही हसले. मी हसले नाही.

तुम्हाला माहीत होतं मी का हसले नाही. लग्नानंतर पहिल्याच उन्हाळ्यात मी तुम्हाला माझ्या मावशीचं सांगितलं होतं. रॉकेलचा स्टोव्ह भडकला तेव्हा मी उंबऱ्यात उभी होते, लहान होते. मावशी वाचली, पण मानेपासून कोपरापर्यंतची तिची कातडी मी रोज पाहत मोठी झाले. थिनरचा डबा उघडला की मला अजून तो उंबरा दिसतो. म्हणून मी पेपर घासायला दुकानाच्या दाराशी बसायची, डब्यांपासून लांब. तुम्ही कधी त्यावरून टोकलं नाही. माझा पाट दारापाशी तुम्ही स्वतःच ठेवत होते. याचे उपकार मी कधी बोलून दाखवले नाहीत. असल्या गोष्टी बोलून दाखवायच्या असतात हे तेव्हा सुचतही नाही.

पहिल्या दिवशी तुम्ही कपात नुसतं पाणी भरलं. अंगणात खोक्याचे पुठ्ठे उभे केले आणि पाण्याचे फवारे मारत बसले. पुठ्ठा ओला कुठे जास्त झाला, कुठे कोरडा राहिला, ते वाकून वाकून पाहत होते. मला हाक मारली.

"धरून तं पाह्य. पाणीच हाये."

"मले नाही धराचं."

"मनगट नाही हालवाचं, पूर्ण हात न्याचा. वीतभर लांबून. रोटीवर तूप लावते तसं थोडीच हाये."

मी म्हटलं, तुमी करा, मी पाहते. तुम्ही म्हणाले, पाहून काय होते. मग मी उलट विचारलं की तो मास्क खोक्यात काहून पडला आहे, तो लावा आधी. तुम्ही म्हणाले की गमछा हाये ना. त्यावरून आपलं भांडण सुरू झालं. तुमचं म्हणणं, मी बंदूक धरावी, कारण दोघं शिकलो तर लोकांच्या घरी जाऊनही कामं करता येतील, मशीन हलकं आहे. माझं म्हणणं, तुम्ही मास्क लावा, मग बघू. दोघंही हटलो नाही. तुम्ही आंघोळीला गेले, मी चुलीपाशी गेले. भांडण तिथंच राहिलं. असली कितीतरी भांडणं आपण अर्धी टाकून जेवायला बसलोय आणि दुसऱ्या दिवशी ती आपोआप विरलीत. मला वाटलं हेही तसंच.

त्याच आठवड्यात तुम्ही गेले. दुपारचं ऊन उतरत होतं. तुम्ही मागच्या टाक्याशी हात धूत होते, रंगाचे हात, थिनरने पुसून मग साबण लावून. मला लोटा पडल्याचा आवाज आला. मी बाहेर आले तर तुम्ही टाक्याला टेकून बसले होते आणि माझ्याकडे असं पाहत होते, जसं काही विचारायचं आहे. काय विचारायचं होतं? मी रोज यावर विचार करते. वाशिमला नेईपर्यंत जीपमध्ये तुमचं डोकं माझ्या मांडीवर होतं आणि तुमच्या हातांना थिनरचा वास येत होता. डॉक्टर म्हणाले, हृदय. ते समजुतीनं बोलले, चांगले होते. पण माझ्या मनात तेव्हापासून एक गोष्ट बसली आहे आणि ती उठत नाही. इतकी वर्षं त्या गमछ्यातून काय काय आत गेलं असेल? मी डॉक्टरांना विचारलं नाही. ते हो म्हणाले असते तर मी काय केलं असतं, आणि नाही म्हणाले असते तर मी विश्वास ठेवला असता का?

आत्याबाईंनी मात्र निकाल लावून टाकला. "मशीन घरात आलं न माहा गजू गेला." एवढंच. त्यांनी जुनी गोधडी आणून मशीनवर टाकली, विजा चमकल्या की जसं आरसा झाकतात. तेरवी झाली, पाहुणे गेले, आपली लेक परीक्षेसाठी वाशिमच्या होस्टेलला परतली. तिला मीच धाडलं. ती नको म्हणत होती. मग घरात आम्ही दोघी आणि गोधडीखालचं ते. दुकानात जायचं म्हटलं की मी त्याच्या बाजूने भिंतीला चिकटून जायची. बोलते ते खोटं नाही, मला वाटायचं की ते आपोआप सुरू होईल.

मग धनजची वैशाली आली. तुम्हाला आठवत असेल, ब्युटी पार्लर काढणारी, जिने आरशाच्या चौकटी आणि कपाटं तुमच्याकडे आणून टाकली होती. तिला पांढराशुभ्र, काचेसारखा रंग हवा होता. ब्रशच्या रेघा नको. तिच्याच कामासाठी तर तुम्ही मशीन आणायची घाई केली होती. ती बिचारी आधी आत्याबाईंपाशी बसली, रडली, मग मला हळूच म्हणाली की वहिनी, लाकूड मी कारंज्याला नेते, तुमी टेन्शन घेऊ नका. तिचं काही चुकलं नव्हतं. टेम्पोही सांगून आली होती. पण ती चौकटींना हात लावून उठायला लागली आणि मला दिसलं की त्या चौकटी मी घासलेल्या आहेत. प्रत्येक कोपरा मी घासला आहे. लप्पी तुम्ही कालवलेली आहे. त्या गेल्या की दुकानात आपण दोघांनी मिळून केलेलं काहीच उरणार नव्हतं.

"राहू दे," मी म्हटलं. "मी करून देते."

माझ्या तोंडून ते गेलं आणि मी भिंतीला टेकले. वैशालीला दिसलं असेल. आत्याबाई आतून बाहेर आल्या आणि माझ्याकडे पाहतच राहिल्या. वैशाली गेल्यावर त्या म्हणाल्या, "तुले बी जाचं हाये का?" मग त्या आत निघून गेल्या. जेवल्याही वेगळ्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गोधडी काढली. बाहेर वारा सुटला होता, धूळ उडत होती. ओल्या रंगावर धूळ बसू नये म्हणून मी दुकानाचं दार लावून घेतलं, खिडकी लावली. मशीन जवळच ठेवलं, नळी जोडली, मास्क बांधला. फळीच्या एका तुकड्यावर प्रायमर मारून पाहू म्हणून रंगात थिनर ओतलं. बटण दाबलं. केवढा आवाज तो. तुम्ही अंगणात चालवलं होतं तेव्हा तो उघड्यावर होता, बंद खोलीत तो चारी भिंतींवरून माझ्यावर आला. त्यात मास्कच्या आतून माझाच श्वास मला ऐकू येत होता, मोठा, घुसमटलेला. टाक्यापाशी तुम्ही तसाच श्वास घेत होते.

मी फळीकडे वळले तेव्हा माझी नजर मशीनच्या मागच्या जाळीवर गेली. आत बारीक निळ्या ठिणग्या दिसत होत्या. फिरणाऱ्या मोटरीत पडतात तशाच, पिठाच्या गिरणीतही दिसतात. पण दार बंद, खिडकी बंद, थिनरचा उघडा डबा माझ्या पायाशी. मी बंदूक टाकली. बोर्डातून वायर ओढली आणि दार उघडून बाहेर ओट्यावर येऊन बसले. रस्त्यावरून माणसं जात होती, बस गेली, आणि मी मास्क लावलेला तसाच ठेवून रडत होते. कोणाला कळलं नसेल, मास्कमध्ये कळत नाही.

तुमचा राग आला तो तेव्हा. सांगते खरं ते. मला मनगट कसं धरायचं ते सांगितलं, वीतभर अंतर सांगितलं, पण मशीनचा डबा कुठे ठेवायचा ते नाही सांगितलं. सांगायला वेळ कुठे मिळाला म्हणा. कदाचित तुम्हीही अजून शिकतच होते. तुम्हालाही भीती वाटत असेल का? मला हे आधी कधी सुचलंच नव्हतं. पाण्याचे फवारे मारत तुम्ही इतका वेळ काढला, थेट रंगाला हात घातला नाही, त्यात काही असेल. विचारायला पाहिजे होतं. आता मी स्वतःच उत्तर देऊन टाकते की हो, वाटत होती, आणि त्यानं मला जरा बरं वाटतं.

ओट्यावर बसल्या बसल्या मी स्वयंपाकघराचा विचार केला. गॅसची टाकी आपण बाहेरच्या भिंतीशी ठेवली आहे, नळी आत आणली आहे. मग हा मशीनचा डबा का आत हवा? त्याची नळी चांगली लांब आहे, खिडकीतून येते. मी डबा मागच्या अंगणात स्टुलावर ठेवला, वायर घरातल्या बोर्डाला लावली, नळी खिडकीच्या गजातून आत घेतली. दार सताड उघडं ठेवलं. धूळ आली तर आली, पुन्हा घासू, घासायला तर मला येतंच. डब्याला स्वच्छ हवा, मला मोकळी हवा, ठिणग्या बाहेर आणि थिनर आत. एवढं साधं होतं. पण त्या साध्यापाशी पोचायला मला भीती ओलांडावी लागली नाही, भीतीनेच मला तिथं नेलं. तुम्ही नेहमी म्हणायचे की हिचा भित्रेपणा एक दिवस कामाला येईल. तुम्ही चिडवायला म्हणायचे.

मग मी तुमच्यासारखीच पाण्यापासून लागले. तुमचेच पुठ्ठे होते, सुकून वाकडे झालेले. पाणी मारलं, पाहिलं, पुन्हा मारलं. बंदुकीच्या तोंडावरची टोपी आडवी फिरवली की फवारा उभा होतो, उभी फिरवली की आडवा. घोडा दाबायचा तो फळीच्या काठाबाहेर आणि सोडायचा तोही काठाबाहेर, नाहीतर कडेला ठिपका बसतो. एक पट्टा दुसऱ्यावर अर्धा चढवायचा, जसं शेण सारवताना हात मागच्या हातावर जातो. तुम्ही रोटीचं उदाहरण दिलं होतं ते चूक होतं. सारवणाचं द्यायला पाहिजे होतं, मला लगेच कळलं असतं.

रंगानं मला खूप छळलं. दाट राहिला तर फळीवर संत्र्याच्या सालीसारखा खडबडीत बसायचा. पातळ केला तर ओघळ. हात जरा थांबला की ओघळ. एकदा बंदुकीतून नुसते शिंतोडे यायला लागले आणि मी घाबरून पुन्हा बाहेर पळाले. नंतर कळलं की रंगात साय धरली होती, गाळायचा राहिला होता. माझ्या जुन्या पातळ ओढणीतून गाळला तेव्हा धार नीट आली. एक फळी घासायची, रंगवायची, बिघडवायची, पुन्हा घासायची. रोज थोडं. रोज बटण दाबायच्या आधी थिनर मशीनपासून लांब आहे ना ते दोनदा पाहायची. आत्याबाई स्वयंपाकघरातून बाहेर येत नव्हत्या. मशीन सुरू झालं की भांड्यांचा आवाज मोठा व्हायचा.

शेवटी चौकटींचा दिवस आला. सकाळची वेळ, वारा पडलेला. प्रायमर आधीच सुकून घासून झाला होता. मी चौकटी उभ्या केल्या, ओल्या फडक्यानं पुसल्या आणि पहिला पट्टा मारला. गजूभाऊ, मी तुम्हाला कधी या नावानं हाक मारली नाही, आज मारते. रंग लाकडावर बसला आणि स्वतःच पसरून गुळगुळीत झाला. ओला होता तेवढा वेळ त्यात खिडकी दिसली. तुम्हाला हेच दाखवायचं होतं ना मला? मी पुढचा पट्टा मारला, पुढचा मारला. नळी हाताशी कोमट झाली होती. किती वेळ गेला कळलं नाही.

आणि मोठ्या कपाटाचं दार अर्ध्यावर आलं असताना लाईन गेली.

आवाज एकदम तुटला. फवारा खोकला आणि थांबला. मी बंदूक हातात धरून तशीच उभी राहिले. तेवढ्यात स्वयंपाकघरात परात पडली. चप्पल न घालता, पदराचं भान नसलेल्या आत्याबाई अंगणातून धावत आल्या. त्या धावतात हे मी आजवर पाहिलं नव्हतं. दारात येऊन त्यांनी माझे दोन्ही दंड धरले, रंगाच्या हातांसकट, आणि मला वरून खालपर्यंत पाहिलं.

"आवाज बंद झाला," त्या म्हणाल्या. "मले वाटलं तू बी पडली."

तेव्हा मला कळलं. इतके दिवस त्या स्वयंपाकघरात रुसून बसल्या नव्हत्या. कान लावून बसल्या होत्या. मशीन चालू आहे तोवर मी उभी आहे, एवढाच त्यांचा हिशोब होता.

मी मास्क काढला आणि त्यांना सांगितलं की लाईन गेली, बाकी काही नाही. त्यांचे हात सुटेनात. मी त्यांना डबा बाहेर कसा ठेवला आहे ते दाखवलं, खिडकी दाखवली, मास्कच्या डब्या दाखवल्या. त्यांनी मास्क हातात घेऊन उलटसुलट पाहिला आणि विचारलं की गजूनं हा लावला होता का. मी नाही म्हटलं. मास्क मला परत दिला. मग स्वतःच माझ्या तोंडावर चढवून मागचा पट्टा आवळला, आपल्या लेकीची वेणी लहानपणी आवळायच्या तसा, जरा जास्तच घट्ट.

लाईन आल्यावर त्या अंगणात डब्याशेजारी पाट घेऊन बसल्या. "मी अथीसा बसते. तू मले खिडकीतून दिसत राह्यजो." अर्ध्या दाराला जोड दिसू नये म्हणून मी ते सुकवून, घासून पहिल्यापासून केलं. त्या उन्हं कलेपर्यंत बसून होत्या. मधूनमधून मी खिडकीकडे पाहायची आणि त्या मान हलवायच्या.

वैशालीला सामान आवडेल असं वाटतं. उद्या टेम्पो येणार आहे. एका चौकटीच्या खालच्या बाजूला छोटा ओघळ राहिला आहे, तो मी तिला दाखवून देणार आहे. अनसिंगच्या तिच्या मावशीचं कपाट आहे म्हणे, तेही विचारत होती. मी अजून हो म्हटलं नाही. पुन्हा ते बटण दाबायचं म्हटलं की आजही माझी नजर आधी दाराकडे जाते. ही भीती आता माझ्यासोबतच राहील असं दिसतं. राहू दे. तुमच्या जागी घरात कोणीतरी टोकणारं पाहिजेच.

पण काल संध्याकाळचं एक सांगायचं राहिलं. शेवटचा हात मारून झाला, बंदूक धुतली, आणि मी मशीन बंद करायला मागच्या अंगणात आले. आत्याबाई तशाच बसल्या होत्या, एक हात डब्यावर ठेवून. डबा गरम झाला असेल, तरी हात काढत नव्हत्या. मी बटणाकडे हात नेला तर त्यांनी तो धरला.

"राहू दे चालू," त्या म्हणाल्या. "जराशीक."

तुम्ही गेल्यापासून त्या रडल्या नव्हत्या. बायांनी गळ्यात पडून रडवायचा प्रयत्न केला, तरी नाही. काल त्या रडल्या. तोंड उघडून, मोठ्यानं, तुमचं नाव घेत. रस्त्यावरून माणसं जात होती, शेजारच्या अंगणात कोणी कपडे काढत होतं. त्यांना मशीनचाच आवाज ऐकू येत असेल. मी त्यांच्यापाशी मातीत बसले, आणि त्यांचं होईपर्यंत बटणाला हात लावला नाही.